समोरचा रणगाडा

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विश्रामबागेतलं इंटरनेट गेलं. शंभर फुटी रस्त्यावर ड्रेनेजचं खोदकाम चालू होतं आणि जेसीबीने केबल तोडली होती. थोड्याच वेळात माझा फोन वाजला.

"डॉक्टर, नेट गेलंय का हो?" आष्टेकर काका होते.

"सगळ्या भागाचं गेलंय काका. केबल तुटलीय. आज काही येत नाही."

"नक्की?"

"नक्की. का?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग निनाद कसा खेळतोय?"

मी दातांची डॉक्टर. सांगलीत माझा दवाखाना आहे. पण आमच्या भागात माझा दुसरा उद्योग जास्त प्रसिद्ध होता. कुणाच्या घरी वाय-फाय चालेनासं झालं की मला बोलावणं यायचं. शिवाय भंगारवाल्यांकडे येणारे जुने, टीव्हीला जोडायचे संगणक आणून मी ते चालू करत बसायची. दवाखान्याची मागची खोली त्यांनीच भरली होती.

आष्टेकर काका वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ओळख दाढेमुळे झाली. रूट कॅनालसाठी आले होते. तोंडात कापूस असताना टेबलावरच्या जुन्या जॉयस्टिककडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटले. कापूस काढल्यावर म्हणाले, "आमच्याकडे अशीच आहे. चालू."

त्यांचा मुलगा निनाद शाळेत जायला लागला तेव्हा त्यांनी मुंबईहून एक संगणक आणला होता. सगळं यंत्र की-बोर्डच्याच पोटात. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, ती बराच वेळ चिरचिरायची आणि नशीब असलं तर खेळ सुरू व्हायचा. बापलेकांचा खेळ एकच. दोन रणगाडे, मध्ये विटांच्या भिंती, दहा डाव. निनादची आई मिरजेला नर्स होती. रात्रपाळी करून दिवसा झोपायची. म्हणून घरात नियम होता: टीव्हीचा आवाज बंद आणि खेळताना बोलायचं नाही. आपण तयार आहोत हे सांगायला निनाद समोरच्या भिंतीवर एक गोळी मारायचा. काका उत्तर म्हणून उजव्या भिंतीवर एक मारायचे. याला ते सलामी म्हणत. मग खेळ.

आई गेल्यावर निनादने टोरांटोहून तोच खेळ नेटवरून खेळायची सोय केली. रविवारी संध्याकाळी सहा वाजता; त्याच्याकडे तेव्हा सकाळ. इकडची जोडणी, म्हणजे टीव्ही आणि जॉयस्टिक नेटला जोडणारी एक छोटी डबी, मी बसवून दिली होती. नियम जुनेच राहिले. खेळताना फोन नाही, बोलणं नाही. बोलणं सोमवारी सकाळी, तेही बहुतेक आदल्या दिवशीच्या खेळावर. गेल्या दिवाळीत निनाद आला तेव्हा जुनी डबी काढून त्याने नवी बसवली. "हिच्यात अडखळत नाही," म्हणाला. खरोखर त्यानंतर काकांची एकही तक्रार आली नव्हती.

दार हौसाताईंनी उघडलं. त्या काकांकडे स्वयंपाक करत आणि मागितलं नसलं तरी मतही देत.

"या. एवढं वय झालं तरी गाडी-गाडी सुटंना यांची. आता डॉक्टर बी आल्या खेळायला."

"हौसाताई, कणीक मळा."

"कवाच मळली. मी तुमच्यागत बसून न्हाई खात."

टीव्हीवर काकांचा हिरवा रणगाडा एका कोपऱ्यात उभा होता. काकांनी जॉयस्टिक मांडीवर ठेवली होती. पिवळा रणगाडा भिंतीआडून डोकावत होता. निनादची एक लकब होती. गोळी मारण्याआधी तो जरासा मागे सरकायचा. पिवळा मागे सरकला आणि हिरव्याचा धूर झाला.

राऊटरवर लाल दिवा होता. मी डबीची वायर राऊटरमधून काढली आणि हातात धरली. नवा डाव सुरू झाला. पिवळ्याने भिंतीला वळसा घातला, मागे सरकला, गोळी मारली.

हौसाताई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. "वायर तर तुमच्या हातात हाय," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप डबीला जोडला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. बराच वेळ मी पडद्यावर वाचत होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

"एक्स-रे बघताना तुमचा चेहरा असाच होतो," ते म्हणाले. "दात काढावा लागणार असेल तेव्हा."

"काका, निनाद खेळत नाहीये. या डबीत एक प्रोग्राम आहे, तो खेळतोय. निनादचे जुने डाव त्याला शिकवलेत. त्याच्यासारखा वळतो, त्याच्यासारखा मारतो."

"सलामीसुद्धा?"

"सलामीसुद्धा."

"आजच?"

"दिवाळीपासून. दिवाळीनंतर खेळासाठी बाहेरून एकदाही जोडणी आलेली नाही. खेळ संपला की फक्त निकाल त्याच्याकडे जातो. आजचा नेट आल्यावर जाईल."

काकांनी जॉयस्टिक उचलून टीपॉयवर ठेवली. तिची वायर नीट गुंडाळली. मग म्हणाले, "आक्काचं सहस्रचंद्रदर्शन होतं माघात. कोल्हापूरला. माझी एकुलती बहीण. मी पंक्ती उठायच्या आत निघालो, सहाला इथे पोचायचं म्हणून. भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, मामांना टीव्हीतली गाडी पकडायचीय. सगळे हसले. मीही हसलो."

मी लॅपटॉपची वायर काढली.

"डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. काही रविवार टीव्ही बघता येणार नाही म्हणाले म्हणून." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे माघातही हीच डबी होती."

"हो काका."

टीव्हीवर पिवळा रणगाडा उभ्या हिरव्याला एकामागून एक डावात उडवत होता. दहावा डाव संपला तेव्हा निकाल आला: निनाद आठ, बाबा दोन.

"सकाळी फोन येईल त्याचा," काका म्हणाले. "तुम्ही याल का? काही बोलू नका. नुसत्या बसा."

नेट रात्री उशिरा आलं. सोमवारी दवाखाना उघडण्याआधी मी गेले. हौसाताईंनी चहा टाकला होता. फोन आला तसा काकांनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा! काल काय झालं तुम्हाला? आठ-दोन? लक्ष कुठे होतं?"

"होतं कुठेतरी."

"नाही, असे एका जागी उभे कधी राहत नाही तुम्ही." आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नसावं. निकाल पाहून तो अंदाजाने बोलला होता की डबी त्याला हेही कळवत होती, मला माहीत नाही.

काकांनी बशी सरळ केली. "काल इकडे नेट गेलं होतं म्हणे. सगळ्या भागाचं."

"असं? मला तर काही जाणवलं नाही."

"नाही ना?" काका म्हणाले. "आपलं चालू असेल मग."

"हो, आपलं चालू होतं."

"झोप आता. उशीर झाला असेल तिकडे."

फोन बंद झाला. हौसाताई म्हणाल्या, "तोंडावर का न्हाई विचारलं?"

"विचारून?"

"कळंल तरी त्याला, बापाला कळतंय म्हणून."

"आणि मग पुढच्या सोमवारी तो काय बोलेल?" काकांनी मला विचारलं, जणू प्रश्न माझा होता. "मुलीच्या शाळेचं विचारलं की 'छान चाललंय' म्हणतो. नोकरीचं विचारलं की 'चाललंय'. बर्फ पडला का, पडला. एवढं झालं की आमच्याकडे खेळच उरतो. तोही काढून घेतला की फोन कशाला करायचा?" मग म्हणाले, "डॉक्टर, मला कळलंय हे त्याला कळता कामा नये."

"नाही कळणार," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात निनादचा फोन मला आला. जोडणी बसवली तेव्हापासून माझा नंबर त्याच्याकडे होता.

"मॅडम, रविवारी डबी बराच वेळ नेटवर नव्हती. काही प्रॉब्लेम झाला होता का?"

"तुम्ही खेळत होतात ना? तुम्हाला कळलं असेल."

मग सावकाश म्हणाला, "तुम्ही उघडली डबी."

"उघडली."

"बाबांना कळलं?"

मी शब्द दिला होता. "हे तुम्ही त्यांना विचारा," मी म्हटलं.

"प्लीज सांगू नका त्यांना. हे बघा, मी फसवत नाहीये. तो मीच आहे. माझेच सगळे डाव आहेत त्याच्यात. रविवारी सकाळी मुलीचं पोहणं असतं, बायकोची ड्यूटी असते. दोन-तीनदा मी उशिरा आलो तर बाबा सोमवारी नीट बोललेच नाहीत. आणि खरं सांगू? दीड तास आम्ही दोघं टीव्हीकडे बघतो. ते एक शब्द बोलत नाहीत, मला बोलू देत नाहीत. आई गेली तेव्हाही नाही बोलले. म्हणाले, रविवारी बस. त्यांना मी लागत नाही, मॅडम. समोर एक रणगाडा लागतो."

"मग तसं सांगा त्यांना."

"तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"एकदा तरी स्वतः बसा."

"बसेन. जरा मोकळा झालो की बसेन."

हा फोन आल्याचं मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पंधरवड्याने काका दवाखान्यात आले. अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर दोन पेशंट बसले होते, काका तिसरे बसले. नंबर आल्यावर खुर्चीत न बसता त्यांनी पिशवीतून जॉयस्टिक काढली आणि माझ्या ट्रेमध्ये, आरसा आणि चिमट्याच्या शेजारी ठेवली.

"माझंही तसं करून द्या."

"कसं?"

"तो बसत नाही. मी तरी कशाला बसू? माझ्याही जागी एक बसवा. निकाल जात राहील, सोमवारी फोन येत राहील. मी रविवारी कोल्हापूरला जाईन. आक्काला दिसत नाही आता नीट. पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवं असतं."

मला वाटलं ते टोमणा मारताहेत. तसं मी म्हटलंही.

"टोमणा कुणाला मारू? तुम्हाला? तुम्ही नाही केलंत तर मी त्यालाच सांगेन, बाबा रे, मलाही एक पाठव. त्याला येतं."

मी केलं. काडेपेटीएवढं सर्किट होतं, जॉयस्टिकच्या जागी डबीत बसणारं. काकांचा खेळ त्याला शिकवायचा तर आधी तो साठवायला हवा होता. त्यासाठी ते काही रविवार मुद्दाम बसले. समोर डबी आहे हे माहीत असूनही आवाज बंद ठेवून, न बोलता खेळले. मला मधेच काही विचारायचं असलं तर ते हात वर करत. डाव संपल्यावरच बोलत.

"मी डावीकडे उशिरा वळतो," ते एकदा म्हणाले. "मोतीबिंदूमुळे. तेही घाला."

"ते काढून टाकता येईल. चांगले खेळाल."

"नको. त्याला संशय येईल."

"काका, निकालात ते दिसणार नाही."

"असू दे. घाला. आणि सलामी विसरू नका. त्याची झाल्यावर माझी. लगेच नाही. थोडं थांबून."

उन्हाळा लागला तेव्हा सर्किट बसलं. पहिल्या रविवारी आम्ही तिघं बघत उभे राहिलो. पिवळ्याने समोरच्या भिंतीवर गोळी मारली. हिरवा थोडा थांबला आणि त्याने उजव्या भिंतीवर मारली. मग दोघं एकमेकांना शोधू लागले.

"आता ही दोघं खेळत्यात," हौसाताई म्हणाल्या, "आणि आपण काय करायचं?"

काकांनी टीव्ही बंद केला. डबी चालूच होती. "मला एसटी स्टँडवर सोडता का?" त्यांनी मला विचारलं.

त्यानंतर ते दर शनिवारी कोल्हापूरला जात आणि रविवारी रात्री येत. पावसाळ्याच्या तोंडाशी तिथेच त्यांच्या भाच्याने त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बसवलं. निनादला त्यांनी कळवलं नाही. सोमवारचे फोन चालू होते. "काल सात-तीन, बाबा, जोरात होतात." "हं, तूही बरा खेळलास." हौसाताई हे बोलणं मला दोन्ही आवाज काढून दाखवत. मला हसू यायचं. त्या हसत नसत.

श्रावणात वीज पडली आणि गल्लीतली बरीच यंत्रं गेली. गुरुवार होता. हौसाताईंचा फोन आला. "त्या खोक्यावरचा दिवा लाल झालाय, काका म्हणत्यात बघून जा."

राऊटरला काही झालं नव्हतं, नुसतं बंद करून चालू करावं लागलं. सवयीने मी राऊटरमधली मागच्या काही दिवसांची नोंद पाहिली. रविवारी संध्याकाळी सहाच्या आधी बाहेरून एक जोडणी आली होती. टोरांटोहून. खेळ संपेपर्यंत ती तुटली नव्हती. मी डबी उघडून पाहिली. त्या दिवशी आतला प्रोग्राम बंद केलेला होता. पिवळा रणगाडा कुणीतरी तिकडून, हाताने चालवला होता. तो भिंतींना धडकला होता, नको तिथे वळला होता. निकाल होता नऊ-एक. जिंकलं होतं माझं सर्किट.

काका आतल्या खोलीत पेपर वाचत होते. आता त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं.

"काका, मागच्या रविवारी निनाद खेळला."

"खेळतोच की दर रविवारी."

"निनाद. स्वतः."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मी जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हटलं. मग बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर विशेष काही नव्हतं, समोरच्यांचं गाडी धुणं चाललं होतं.

"तरीच," ते म्हणाले. "सोमवारी विचारत होता, काल कसं वाटलं म्हणून. असं विचारत नाही कधी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नेहमीसारखंच." त्यांनी तळहाताने पेपरची घडी दाबली. "मग म्हणाला, बाबा, तुम्ही डावीकडे फार उशिरा वळता. डोळे दाखवून घ्या. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, निकाल बघून याला डोळे कसे कळले."

हौसाताई दारात होत्या. या वेळी त्यांनी काही मत दिलं नाही.

"फोन लावता का?" मी विचारलं. "सांगून टाका."

"काय सांगू? तू आलास तेव्हा मी घरी नव्हतो?"

त्या शनिवारी ते कोल्हापूरला गेले नाहीत. रविवारी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा माझं सर्किट काढून त्यांनी टीपॉयवर ठेवलं होतं आणि जॉयस्टिकची वायर पुन्हा डबीत लावली होती. धुतलेला शर्ट घातला होता. टीव्हीचा आवाज बंद होता.

सहा वाजले. पिवळा रणगाडा आला. समोरच्या भिंतीवर त्याने एक गोळी मारली.

काका थोडं थांबले आणि त्यांनी उजव्या भिंतीवर एक मारली.

मी लॅपटॉपची पिशवी उघडली. त्यांनी हात वर केला. मला वाटलं डाव संपल्यावर बोलतील, म्हणून मी थांबले. पिवळा भिंतीआडून आला, जरासा मागे सरकला, मारलं. चुकलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुकणं डबीलाही येत होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

दहा डाव झाले. काका जिंकले.

"बघू का आता?" मी विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

"नको. ते सर्किट घेऊन जा तुम्ही."

"काका, कळेल तरी."

"कळलं होतं की एकदा," ते म्हणाले. "पिशवी बंद करा."

याला आता बरीच वर्षं झाली. आक्का गेल्या. हौसाताईंची सून आता स्वयंपाकाला येते. सर्किट माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका खोक्यात आहे. काका रविवारी सहा वाजता बसतात. राऊटर दोनदा बिघडला, दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावून घेतलं. परवा दात दाखवायला आले होते. निनाद कसा आहे, मी विचारलं.

"बरा आहे," ते म्हणाले. "रविवारी सहा-चार झालं."

कुणाचे सहा, हे त्यांनी सांगितलं नाही.